फोटोपुरतं वाचन

पुस्तकांच्या आधी कुलूप तुम्ही पाठवलंत, एवढं तरी नाकारू नका. हे बघा, हेच ते — बोटाच्या दोन पेरांएवढं, पितळी, रात्रभरच्या थंडीनं गार पडलेलं, आत्ता विजयमालेच्या तळहातावर एखाद्या किड्यासारखं दबा धरून बसलेलं. पुस्तकं आली दिवाळी उलटल्यावर. कपाट आलं त्याच्या आधी. आणि सगळ्यांत आधी, प्लास्टिकच्या पिशवीत, दोन किल्ल्यांसकट आलं ते हे. क्रम तुम्ही ठरवलात. ज्याच्या घरातून पाहुण्याला सामोरा आधी कुत्रा येतो त्याला पाहुणा नकोच असतो, असं तिची आई म्हणायची, आणि आईनं जन्मात वाचनालय पाहिलं नव्हतं.

विजयमालेनं कुलूप कडीला लटकवलं आणि दार ओढलं. आतून वास आला — डिंकाचा, शाईचा, नव्या पुठ्ठ्याचा. वर्ष होत आलं तरी वास गेलेला नाही. जाईल कसा? पुस्तकाचा वास जायला ते घरोघरी फिरावं लागतं, गादीखाली दडावं लागतं, त्याला हळदीचं बोट लागावं लागतं, एखाद्या धाकट्या भावानं त्याच्यावर चहा सांडावा लागतो... इथं काय, वास शाबूत, पानं शाबूत, सगळं शाबूत. तुमच्या तपासणीत याला पैकीच्या पैकी मिळतात.

हल्ली ती मनातल्या मनात कोणाशी तरी असं 'तुम्ही, तुम्ही' करून भांडत असते — पोळ्या लाटताना, हजेरी घेताना, तिगावच्या फाटकाशी रेल्वे जायची वाट बघत उभी असताना. कोण हे तुम्ही? फोनमधला आवाज, जिल्ह्याच्या ऑफिसातले साहेब, त्यांच्याही वरचं कोणी. तोंड तिनं एकाचंही पाहिलेलं नाही. तोंड दिसत नाही म्हणून भांडण सोपं जातं, आणि तोंड नाही म्हणूनच उत्तर येत नाही.

आज शनिवार. आज ते निळं पुस्तक कपाटातून काढायचं आहे.

खालून दुसऱ्या फळीवर, डावीकडून... हात आपोआप गेला. पुठ्ठ्यावर एक मुलगी पाठमोरी, हातात चपला, समोर नदी. मधेच एक हिरवट टोक बाहेर डोकावत होतं. संत्र्याचं पान. तिनं ते आत ढकललं नाही, ओढलंही नाही. ते कोणाचं आहे ते तिला ठाऊक होतं.

तुम्हीच विचारलं होतं ना? 'किशोर पाठकों के लिए नई पुस्तकें सुझाएँ.' शाळेच्या ग्रुपवर ते आलं तेव्हा विजयमाला अकरावीला हिंदी शिकवत होती, आणि वाचनालयाचा प्रभार तिच्याकडे होता कारण तो कोणालाच नको होता. बाकीच्या शाळांनी संध्याकाळपर्यंत नावं पाठवूनही दिली — तेच थोर पुरुष, तेच सामान्यज्ञान, तीच यशाची सूत्रं. हिला मात्र वाटलं की विचारलंय. खरंच विचारलंय! चाळिशी ओलांडलेल्या बाईला असं वाटावं... पण वाटलं. कोणी तरी, कुठं तरी, खुर्चीत बसून खरोखर विचार करतंय की पांढुर्ण्याच्या पंधरा वर्षांच्या पोरीनं काय वाचावं. तिनं वर्गावर्गात जाऊन मुलांना विचारलं. एक पोरगा म्हणाला, ज्याच्या शेवटी 'आपण काय शिकलो' नसते असं. दुसरा म्हणाला, भुताचं, पण खऱ्या भुताचं. आणि मागच्या बाकावरून डिंपल उठली — नववीतली, बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राबणारा, आई कापूस वेचायला जाणारी, आवाज मात्र सरपंचाचा — आणि म्हणाली, "मॅडम, ज्याच्यात पोट्टी मरत नाही असं एखादं असन तर पाहा जी."

वर्ग हसला. विजयमालाही हसली.

सुट्टीत ती नागपूरला तीनदा गेली. दुकानात उभ्या उभ्या वाचलं, दुकानदार स्टूल देऊन थकला. यादीत हिंदी घेतली, आणि पहिल्यांदाच मराठीही घेतली. कारण गाव सीमेपलीकडच्या हिंदी राज्यात, पण ही सगळी मुलं घरी मराठी बोलतात, आजीच्या शिव्या मराठीत खातात, लग्नपत्रिका मराठीत वाटतात, आणि मार्कशीट घेतात हिंदीत. आपल्या घरची भाषा पुस्तकात असते हे त्यांना कोणी दाखवलेलंच नाही. निळं पुस्तक मराठी. पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरतं, आणि ती एका पहाटे घरून निघते, एकटी, मावशीच्या गावाकडे, पुढं शिकायला. नदी, बस, पाऊलवाट, एक म्हातारी, एक कुत्रं... विजयमालेनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना भाजी करपली.

पुस्तकं आली, आणि सोबत तुमचा नियम आला. पुस्तक घरी द्यायचं नाही; हरवलं, फाटलं तर प्रभारी जबाबदार. वाचायचं शाळेत, शनिवारी, आणि वाचलं याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. फोटो नाही तर वाचन नाही. मग काय व्हायचं तेच झालं, आणि फक्त इथंच नाही झालं. शनिवारी मुलं ओळीनं बसतात, पुस्तकं वाटतात, मुलं मधलं पान उघडून मान खाली घालतात — त्यांना शिकवावं लागत नाही, फोटोत वाचणारं माणूस कसं दिसतं ते त्यांना बरोबर येतं — खटाक् — आणि पुस्तकं परत गोळा. फोटोतली मुलं इतकी छान वाचतात की वाटावं, आता हा जिल्हा उठून बसतो की काय.

पण एका शनिवारी पुस्तकं परत लावताना तिला निळ्यातलं पान दिसलं. ताजं, चुरगळलं तर हाताला वास राहील असं. पुढच्या शनिवारी ते पुढं सरकलेलं. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी. ओळी लागेपर्यंत, कोणाचं डोकं आड येतंय ते बघेपर्यंत, नेटवर्क येईपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक पोरगी खरंच वाचत होती! तिनं लक्ष ठेवलं. डिंपल. दरवेळी धावत येऊन तेच पुस्तक पकडायची. विजयमाला काही बोलली नाही. बोललं की मोडतं. ती फक्त फोटो सावकाश काढायला लागली. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणायची, पुन्हा ओळ बदला म्हणायची, मोबाइल हँग झाला म्हणायची. पूनम मॅडम म्हणाल्या, "अवो, तुम्ही फोटो काढून राहिल्या की लग्नाची शूटिंग?"

आणि मागच्या शनिवारी... तो फोटो तिनंच काढला. तिनंच टाकला. डिंपल पुढच्या ओळीत होती, वाचण्यात अशी बुडालेली की पुस्तक जरा उभं धरलेलं, पान कॅमेऱ्याकडे. वर्षभरात तुम्ही शेकडो फोटो पाहिले असतील. अंगठे दिले, फुलं दिली, हात जोडले. आणि त्या एका फोटोवर कोणीतरी दोन बोटं ठेवून ती फाकवली. मोठं केलं. पान वाचलं. 'मी आज घरी परत जाणार नाही, असं तिनं ठरवलं आणि तिला हलकं वाटलं.' त्या ओळीभोवती लाल गोल करून तो फोटो फिरला. एवढ्या कपाटातलं तुम्ही वाचलेलं एकमेव वाक्य. वाचलंत तेही मोबाइलवर, मोठं करून, चोर पकडल्यासारखं.

घंटा झाली. मुलं व्हरांड्यात बसायला लागली. तिनं निळं पुस्तक टेबलाच्या खणात ठेवलं आणि बाकीची वाटली. डिंपल आली, फळीवर नजर टाकली, खाली वाकून पाहिलं, मग हिच्याकडे.

"मॅडम, माह्यं पुस्तक?"

"आज दुसरं घे."

"कोणी घेतलं का? गजेंद्रानं घेतलं असन. तो नुसते चित्र पाह्यते जी, त्याच्याजवळून मांगून आणतो मी."

"कोणी नाही घेतलं. हे घे." हाताला आलं ते एका थोर पुरुषाचं चरित्र होतं. डिंपलनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्या बाबाले मी चौथीपासून वाचून राहिली, मॅडम. हा दरवेळी गरिबीत जन्मते, दिव्याखाली अभ्यास करते अन् शेवटी मरते. मले मालूम हाय ह्याचं."

पोरी फिसकन हसल्या. विजयमालेला हसू आलं आणि त्याच हसण्यात संताप चढत गेला, डोक्यात उकळी आल्यासारखा. खटाक्. फोटोत डिंपल थोर पुरुष उघडून समोर, थेट कॅमेऱ्यात बघत होती. मान खाली नव्हती. विजयमालेनं तोच टाकला.

प्राचार्य श्रीकांत सर आपल्या खोलीत कागद समोर ठेवून बसले होते. भला माणूस. सौंसरहून रोज बसनं येतो, आपल्या बागेतली संत्री सगळ्यांना वाटतो, कोणाचं वाईट चिंतत नाही. आणि भल्या माणसांमुळेच तुमचं सगळं चालतं, हे तिला अलीकडे कळायला लागलंय. कागदावर हिंदीत चार ओळी टाइप केलेल्या होत्या — हे पुस्तक मी नजरचुकीनं सुचवलं, ते किशोरवयीन मनाला अयोग्य आहे, यापुढे दक्षता घेईन.

"सही करा मॅडम, अन् मोकळ्या व्हा. नजर तर सगळ्याचीच चुकते."

"माझी नाही चुकली सर. मी दोनदा वाचलं."

"म्हणून तर घोटाळा झाला ना! वाचलं नसतं तर किती सोपं होतं." ते खरोखर हळहळत होते.

"तुम्ही वाचलं का?"

"मी? मॅडम, माझ्याजवळ टाइम कुठं... गंमत नका करू."

"साहेबांनी?"

श्रीकांत सरांनी दाराकडे पाहिलं. खुर्चीत वह्या तपासत बसलेल्या पूनम मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही कायले इतक्या पेटून राहिल्या वो? मागच्याच वर्षीचे नावं पाठवायचे होते. आजपर्यंत एकही थोर पुरुष वापस नाही आला."

तेवढ्यात फोन आला. सरांनी उभं राहून उचलला, दोनदा 'जी सर' म्हणाले आणि तो तिच्या हातात दिला. आवाज थकलेला होता, चिडलेला नव्हता. ती चिडलेल्या आवाजाची तयारी करून बसली होती. थकलेल्यापुढं तिचं सगळं जुळवलेलं विस्कटलं.

"मैडम, ये किताब आपने सुझाई थी?"

"जी."

"इसमें लड़की घर से चली जाती है?"

"जी, जाती है. पढ़ने के लिए."

"किसके साथ?"

"किसी के साथ नहीं. अकेली."

"मतलब... लड़का नहीं है?"

"जी नहीं."

पलीकडे कागद उलटसुलट झाल्याचा आवाज आला. तेव्हा तिला कळलं की त्याच्याकडे या मुलीला ठेवायला खण नाही. मुलासोबत गेली असती तर खण होता, नाव होतं, कलम होतं. एकटी गेली, शिकायला गेली, तर तिला ठेवायचं कुठं?

"देखिए, मेरी भी बेटी है," आवाज म्हणाला, "कच्ची उमर के बच्चे हैं, मन पर असर होता है. सोमवार को गाड़ी आएगी, किताब और आपका साइन किया हुआ कागज़ भेज दीजिए." आणि फोन बंद.

कच्चं वय. मनावर परिणाम.

...बाबांच्या खांद्यावर मी बसले आहे. पोळ्याचा दुसरा दिवस. खाली जाम नदी, मधोमध रोवलेलं पळसाचं झाड, त्याला झेंडा. अलीकडे आपलं पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. आवाज येतो आधी, हुर्रर्र असा, आणि मग कोणाच्या तरी कपाळातून रक्त. ढोल वाजून राहिले. ॲम्ब्युलन्स ओळीनं उभ्या. काठावर भजी तळून राहिली. माझ्यासारखी कितीतरी पोरं बापाच्या, काकाच्या खांद्यावर, हातात फुगे. 'काहून मारतात बाबा?' आणि बाबा सांगतात, सगळेच सांगतात, तीच गोष्ट — लई वर्षांपूर्वी इकडचा पोट्टा तिकडच्या पोट्टीले घेऊन पळाला, अन् नदीच्या मधात दोन्हीकडच्यांनी दगडं मारले. त्याची याद म्हणून. 'मग ते पोट्टी पोचली का?' 'कोणती पोट्टी?' 'ते, पळाली ते.' 'मेली ना बापा. दोघंही मेले.' 'अन् तिचं नाव काय होतं?' 'चल, भजे खाऊ.'

मी किती वर्षांची होते? चड्डी-फ्रॉकातली. माझ्या मनावर परिणाम होईल असं त्या दिवशी कोणाला वाटलं नाही. आजही वाटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी वय विचारत नाही.

विजयमाला फोन हातात धरून तशीच उभी होती आणि सर काहीतरी बोलत होते. ती मुलगी... म्हणजे घर सोडून गेलेली मुलगी तुम्हाला चालते. दर वर्षी चालते. तिच्या नावानं, जे नाव कोणालाच माहीत नाही, अख्खं गाव रक्तबंबाळ होतं आणि देवीला नमस्कार करून घरी जातं. घरून निघण्याची तुम्हाला अडचण नाहीच. ती नदीच्या मधात मरते ना, मग झालं. ती गोष्ट खांद्यावर बसवून पोरांना सांगायची. निळ्या पुठ्ठ्यावरची मुलगी पण नदीत उतरते, हातात चपला घेऊन, आणि... ती पोचते. पलीकडे पोचते. तेवढंच अयोग्य आहे. 'ज्याच्यात पोट्टी मरत नाही असं एखादं.' पोरीनं नेमकं तेच मागितलं होतं, आणि वर्ग हसला होता, आणि मीही.

"मॅडम? सही..."

"सर, तुमच्या बागेत संत्र्याचा आंब्या बहार कसा आहे औंदा?"

श्रीकांत सर गोंधळले. "बरा आहे. काहून?"

"नुसतं सालीवरून सांगता येते का, फळ गोड की आंबट?"

"एक सोलून पाहावं लागते."

"तेच," ती म्हणाली. कागद तिनं घडी न घालता तसाच टेबलावर सरकवला. सही केली नाही. नाही म्हणालीही नाही.

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "सोमवारपर्यंत विचार करा. पुस्तक कपाटातच राहू द्या तवरीक, कुलूप लावून. माह्यावर येऊ देऊ नका मॅडम, मी हात जोडतो." आणि खरंच जोडले.

शाळा सुटली. व्हरांड्यात सतरंजीच्या घड्या पडल्या, सायकली निघाल्या, रस्त्यानं संत्र्यांची एक गाडी गेली आणि तिच्यामागं आंबटगोड वास बराच वेळ रेंगाळला. विजयमालेनं खणातून निळं पुस्तक काढलं. कपाटापुढं उभी राहिली. पान जिथं होतं तिथून पुढचा भाग तिनं अंगठ्यानं चाचपला. थोडाच उरला होता. नदीचं प्रकरण. पोरगी पाण्यात उतरलेली आहे, कमरेपर्यंत, काठ दिसतोय आणि धुकं आहे... नेमकं तिथं पान ठेवलंय. शनिवारच्या शनिवार, फोटोच्या फटीफटीतून डिंपल तिला एवढ्यापर्यंत घेऊन आली, आणि मधोमध पाण्यात उभी करून ठेवली. नाही, तिनं नाही ठेवली. तुम्ही ठेवलीत.

आणि मी? कुलूप तुमचं, खरं. पण सकाळी ते उघडते कोण, दुपारी लावते कोण? वर्षभर मी फोटो सावकाश काढले आणि त्यालाच हिंमत समजत राहिले... तिनं हा विचार झटकला. तो गेला नाही. पर्समध्ये किल्लीशेजारी जाऊन बसला.

"मॅडम."

डिंपल दारात. दप्तर पाठीवर, एक वेणी सुटलेली. मैत्रिणी फाटकाशी थांबून हाका मारत होत्या.

"घरी नाही गेली?"

"जातो ना. एक विचारू का जी?" तिची नजर पुस्तकावर होती. "ते वापस जाऊन राहिलं म्हणतात. सुखदेवभाऊ सांगत होते. माह्या फोटोमुळं."

सुखदेव म्हणजे शिपाई. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. "तुझ्यामुळं नाही," विजयमाला म्हणाली, जरा जोरातच. "फोटो मी काढला होता."

"मी पुस्तक आडवं धराले पाह्यजे होतं."

हे मात्र सहन होईना. पंधरा वर्षांची पोर उभी आहे आणि हिशेब लावतेय की वाचताना पुस्तक कसं धरलं असतं तर गुन्हा झाला नसता. तुम्ही हे ऐकताय का? हा परिणाम. हाच तो कच्च्या मनावरचा परिणाम, घ्या, करून घ्या मोठा, दोन बोटांनी.

"वाचाले नाही मांगत जी," डिंपल घाईनं म्हणाली, "तुमच्यावर येईन. फक्त सांगा. तोंडी. ते नदीत आहे ना आत्ता, ते पोट्टी... पोचते का नाही?"

फाटकाशी कोणीतरी "डिंपले, येतं का?" म्हणून ओरडलं. डिंपल हलली नाही.

उत्तर जिभेवर होतं. एका शब्दाचं. पण ते सांगून टाकलं की पुस्तक संपलं, सोमवारची गाडी आजच आली, आणि आपण पोरीचा हात धरून 'चल, भजे खाऊ' म्हणालो. एका हातात कुलूप होतं, एका हातात पुस्तक, आणि दोन्हींचं वजन आज पहिल्यांदाच तिला वेगवेगळं कळत होतं. भीती होती, सहीचा कागद पाहताना होती तीच. पण ती आता तुमच्या बाजूला उभी नव्हती. कुठं तरी बाजूला, भिंतीला टेकून, काय होतं ते बघत होती. डिंपल वाट बघत होती, मान वर, फोटोतल्यासारखी.

मी तिला काय सांगायचं ते मी बघीन. पण आधी तुम्ही सांगा. थकलेल्या आवाजात सांगा, चिडून सांगा, कसंही, पण तोंड दाखवून सांगा — नदीच्या मधात ती मेली तर तुम्ही दर वर्षी ढोल वाजवता. ती पोचली, तर तुमचं काय जातं?